लिहिलेली नोट स्वस्त मिळते

नॅन्सी तुस्कानो दर दोन वर्षांनी मे महिन्यात पंचेचाळीस दिवसांची रजा घेऊन बहारीनहून वसईला यायची, आणि आल्याच्या दुसऱ्याच दिवशी भावाची लुना बाहेर काढायची. हवा, पेट्रोल, ब्रेक बघून झाले की मागच्या सीटवर कापडी पिशवी बांधायची. पिशवीत भिंग, चिमटा, प्लॅस्टिकच्या पाकिटांचा अल्बम आणि पाण्याची बाटली. मग ती जुन्या नोटा शोधायला निघायची.

बहारीनच्या एका इस्पितळात ती एकोणीस वर्षं नर्स होती. हा नाद तिला लावला तो तिथल्याच एका म्हाताऱ्या इंग्रज पेशंटनं. खुब्याचं हाड मोडून तीन महिने पडून होता आणि रोज औषधाच्या वेळी उशाखालचा अल्बम काढून एकेक नोट दाखवायचा. तो बरा होऊन गेला, नाद मागं राहिला. पण नर्सच्या पगारात नोटा जमवायच्या कशा? लंडनच्या विक्रेत्यांच्या याद्या टपालानं यायच्या, त्यातले पौंडांचे आकडे वाचूनच ती यादी मिटायची. बहारीनमध्ये मनामाच्या बाजारातले दुकानदार आधी चहा पाजत आणि मग दुप्पट भाव सांगत. मुंबईतल्या लिलावात ती एकदाच गेली. तिथं तिला कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही.

मग तिनं स्वतःची वाट काढली. बड्या लोकांना कोरी करकरीत नोट लागते. टाचणीची भोकं, गंजाचे डाग, फाटलेली कड असली की ते नाक मुरडतात, आणि नोटेवर कुणी काही लिहिलेलं असलं तर तिला हातही लावत नाहीत. अशी नोट पाव किमतीला मिळते. नॅन्सीला नेमकी तीच हवी असायची. करकरीत नोट कुणाच्या हातातून गेलेलीच नसते, तिचं काय करायचं, असं ती म्हणे. आणि अशा नोटा वसईत घरोघर पडून होत्या. प्रार्थनेच्या पुस्तकात, पत्र्याच्या डब्यात, जुन्या कोटाच्या अस्तरात. गावात राहणाऱ्याला त्या दिसत नव्हत्या. दूर राहून आलेलीला दिसल्या.

वसईतल्या होळी भागातल्या घरी भाऊ मार्सेल आणि त्याची बायको रिटा राहायची. दोघं प्रेमळ होती, पण सेहेचाळीस वर्षांची बिनलग्नाची बहीण परक्यांच्या ओट्यांवर जाऊन जुन्या नोटा मागते, हे त्यांना जड जाई. लोक विचारतात, असं रिटा हळूच सांगायची. नॅन्सीला त्याची सवय होती. नर्सिंगला जाऊ नको, असं बाप म्हणाला होता. ती गेली. आखातात जाऊ नको, असं सगळा गाव म्हणाला. तिथंही ती गेली. चांगल्या स्थळाला नाही म्हणू नको, असं सगळे म्हणाले, तेव्हा ती नाहीच म्हणाली. ‘नको’ हा शब्द तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून इतका ऐकला होता, की तो कानावर पडला की तिचे पाय आपोआप पुढं पडत.

एकोणीसशे नव्व्याण्णव सालच्या त्या रजेत ती पहिल्यांदा कळंबला गेली. किनाऱ्याजवळच्या एका घरात जयवंती नावाची म्हातारी कोळीण सुकट निवडत बसली होती. तिनं आधी पाणी दिलं, मग आतून डबा आणला. डब्यात सहाव्या जॉर्जची दहा रुपयांची एकच नोट. सासऱ्यानं लढाईच्या काळात मासळी विकून आणलेली, तेव्हापासून तशीच. नॅन्सीनं ती उन्हात धरली. जलचिन्हाच्या पांढऱ्या जागेत निळ्याकाळ्या शाईनं, बारीक आणि नीट अक्षरात एक ओळ लिहिलेली होती.

“नॅन्सी, प्लासिडच्या घरी जाऊ नको.”

नॅन्सी मोकळेपणी हसली. वसईत नॅन्स्या किती आणि प्लासिड किती. एखाद्या बापानं लेकीला दटावलं असेल.

“काय लिवलंय?” जयवंतीनं विचारलं. नॅन्सीनं वाचून दाखवलं.

“कोन नॅन्सी?”

“असेल कुणीतरी,” नॅन्सी म्हणाली आणि पैसे देऊन निघाली.

दुसरी नोट चार दिवसांनी आगाशीला मिळाली. जयराम पाटलांची केळीची वाडी होती. त्यांच्या आजोबांच्या पंचांगात दोन रुपयांची नोट होती, वाळवीनं कोपरा खाल्लेली. जयराम ती फुकटच देत होते, नॅन्सीनं बळेच पन्नास रुपये हातावर ठेवले. नोट चिमट्यात धरून तिनं पांढरी जागा बघितली.

“नॅन्सी, हसू नको.”

तेच अक्षर, तीच शाई. ‘न’ची गाठ तशीच घट्ट, ‘को’चा काना तसाच खाली ओढलेला. जयरामांना आपल्या घरातली नोट कुणी बघितल्याचं आठवत नव्हतं. पंचांग त्यांनी स्वतः आज पहिल्यांदा उघडलं होतं.

घरी येऊन ती मागच्या पडवीत उजेडाला बसली आणि दोन्ही नोटा भिंगाखाली घेतल्या. कुणी गंमत करत असेल तर शाई सांगेल, एवढं तिला कळत होतं. पण शाई घडीच्या रेघेवर तडकलेली होती. मळ शाईच्या वर बसला होता. म्हणजे आधी कुणीतरी लिहिलं, मग नोट दुमडली गेली, आणि मग पन्नास-पंचावन्न वर्षं तिच्यावर मळ चढला. ती जन्मायच्या आधीपासून.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला राग आला. हा सूर तिच्या ओळखीचा होता. तिनं पेन्सिल घेतली आणि जे तिनं आजवर कुठल्याच नोटेवर केलं नव्हतं ते केलं. त्या ओळीखाली स्वतःच्या तिरप्या अक्षरात लिहिलं, “मी हसणारच.” नोट पाकिटात घातली आणि रिटाबरोबर भाजी चिरायला बसली.

दोन दिवसांनी ती विरारला गेली. स्टेशनच्या पश्चिमेला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर शांताराम राणे राहत होते, रत्नागिरीकडचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी लिंबाचं सरबत केलं. मग देवघरातली वडिलांची पोथी आणली आणि फडकं सोडून पाच रुपयांची नोट पुढं ठेवली. वडील त्रेपन्न साली वारले, तेव्हापासून ही पोथीत खूण म्हणून आहे, असं ते म्हणाले. वर कुणीतरी काहीतरी लिहिलंय, लहानपणापासून वाचतो, पण अर्थ लागत नाही.

नोटेवर दोन ओळी होत्या. वरची पेन्सिलीची, तिरप्या अक्षरातली. ‘मी हसणारच.’ ‘ण’ची मोडलेली दांडी शाळेत बाईंच्या छड्या खाऊनही तिला कधी सरळ काढता आली नव्हती. तशीच ती इथं मोडलेली होती. पेन्सिलीचं शिसं घासून चकाकत होतं, आणि घडीच्या जागी अक्षरं पुसट झाली होती.

खालची ओळ निळ्याकाळ्या शाईत होती. “तर मग ये.”

नॅन्सीनं सरबताचा पेला खाली ठेवला. अल्बम काढून आगाशीची नोट शोधली. “नॅन्सी, हसू नको” ही ओळ जागेवर होती. तिच्याखाली काही नव्हतं. तिनं कागद तिरपा धरून बघितला. पेन्सिलीचा दाबसुद्धा उरला नव्हता.

“ताई, बरं वाटत नाही का?” शांतारामांनी विचारलं.

तिनं ऊन लागल्याचं सांगितलं. नोटेचे पैसे त्यांनी घेतलेच नाहीत. उलट दारापर्यंत सोडायला आले तेव्हा आठवून म्हणाले, की एवढा नाद आहे तर नायगावच्या मिठागरांकडे जाऊन या. तिथं तुमच्यातलेच एक म्हातारे आहेत, त्यांच्याकडे पेटीभर नोटा आहेत आणि मागतील तेही फार नाही. नाव प्लासिड.

त्या संध्याकाळी तिनं तिन्ही नोटा रिटापुढं मांडल्या आणि सगळं सांगितलं. रिटानं पेन्सिलीची ओळ बघितली, मग नणंदेकडे बघितलं.

“नॅन्सीबाय,” ती म्हणाली, “तू नको जाऊस.”

“आता तर जायलाच हवं,” नॅन्सी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती निघाली. मिठागरांवर ऊन असं पडलं होतं की डोळे उघडे ठेववत नव्हते. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग, मधून मातीचा अरुंद बांध, खाडीच्या चिखलाचा वास. बांधाच्या टोकाला कौलारू घर होतं, समोर चुन्यानं रंगवलेला क्रूस. घराच्या सावलीत खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता. बोटांची टोकं मिठानं पांढरी पडलेली.

प्लासिड साधा माणूस होता. त्यानं पाणी दिलं, बहारीनला उकाडा कसा असतो ते विचारलं. आपण बहारीनला असतो हे तिनं त्याला सांगितलेलं नव्हतं, पण वसईत अशा गोष्टी कळतातच, असं तिनं मनाशी म्हटलं. त्याचा बाप मिठागराचा कारकून होता, मजुरांना मजुरी वाटायचा. बापाची पेटी त्यानं बाहेर ओढून उघडली.

नॅन्सीनं असं काही कधी बघितलं नव्हतं. सहाव्या जॉर्जच्या नोटांचे गठ्ठे, सुबक, स्वच्छ, एकही डाग नाही. तिनं पंधरा-वीस नोटा उजेडाला धरल्या. प्रत्येकीतली पांढरी जागा कोरी होती.

“कशी देणार?”

“दहा रुपयाला एक.”

“एवढी स्वस्त?”

“कोऱ्या आहेत ना,” प्लासिड म्हणाला. “तुम्हाला लिहिलेली पाहिजे. ती आतल्या खोलीत टेबलावर आहे. घ्या जाऊन.”

“तुम्हीच आणून द्या ना.”

“मी त्या खोलीत जात नाही. ती भाड्यानं दिलीय.”

“कुणाला?”

“आहे एक बाई. माझ्या बापाच्या वेळेपासून.”

हे तो अगदी सहज बोलला. आतून आवाज येत होता. कागदावर टाक फिरल्यासारखा, बारीक. मग तो थांबला.

ती उठली. पडदा बाजूला केला आणि आत गेली.

खोली लहान होती. खिडकी, खिडकीतून दिसणारं पांढरं मिठागर, टेबल, खुर्ची, शाईची दौत. दुसरं दार नव्हतं. खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर दहा रुपयांची एक नोट होती आणि तिच्यावरची शाई अजून ओली होती.

“नॅन्सी, मागं बघू नको.”

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. नको म्हटलं की नॅन्सी तेच करते, हे कुणाला तरी पुरेपूर माहीत होतं. कळंबपासून इथवर तिला कुणी अडवलं नव्हतं. तिला आणलं होतं.

मानेवर गार वारा आला. खिडकी तिच्या समोर होती.

मागं बघावं तर त्या हाताच्या मनासारखं होणार होतं. न बघावं तर त्याचा हुकूम पाळल्यासारखं. ती तशीच उभी राहिली. मग तिला वॉर्ड आठवला. मागं कुणी येऊन उभं राहिलं, तर वळून त्याच्याकडे बघायचं आणि काय हवंय ते विचारायचं. एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती. त्यासाठी तिला कुणी हो म्हणायला लागत नव्हतं आणि नको म्हणायलाही.

ती वळली.

मागं काहीच नव्हतं. पडदा होता, आणि पडद्याच्या फटीतून बाहेरची खुर्ची दिसत होती.

खुर्चीत प्लासिड बसला होता. त्यानं दोन्ही तळवे डोळ्यांवर गच्च दाबून धरले होते.

“काय हवंय?” नॅन्सीनं रिकाम्या खोलीला विचारलं. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्थिर आला.

तिनं टाक उचलला, दौतीत बुडवला आणि त्या ओळीखाली लिहिलं, “बघितलं.” मग नोटेवर फुंकर घातली. शाई वाळेपर्यंत तिथंच उभी राहिली, घाई न करता. नोट अल्बममध्ये ठेवली आणि बाहेर आली.

प्लासिडनं डोळ्यांवरचे हात काढले नव्हते. तिनं दहा रुपये त्याच्या मांडीवर ठेवले.

“कोऱ्या नाही घेतल्या?” त्यानं विचारलं.

“नकोत मला,” ती म्हणाली. उभ्या जन्मात तो शब्द तिनं इतक्या चवीनं कधी उच्चारला नव्हता.

ती ओट्यावरून उतरली तेव्हा तो पाठीमागून म्हणाला, तोंडावर हात तसेच ठेवून, अगदी घरच्या माणसाच्या काळजीनं, “बांध निसरडा आहे. दोघी सावकाश जा.”

नॅन्सी लुनापाशी आली. ऊन तसंच होतं. मिठावर तिची सावली पडली होती, एकच. ती काही क्षण लुनाकडे बघत राहिली. मग मागच्या सीटवरची पिशवी सोडली आणि हँडलला अडकवली. गाडी चालू केली, बसली, आणि थोडी पुढं सरकली.

“बस,” ती म्हणाली. “पण कुठं जायचं ते मी ठरवणार.”

मागचं चाक हळूच दबलं.