सहावा स्पीकर

दिवा हवा तर राहू दे, पण मधे मधे "काका, मग काय झालं?" करायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नव्हे. माझ्या साडूच्या घरी घडलेली, त्याच्याच तोंडून ऐकलेली.

मागच्या फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. साडू लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. संध्याकाळी तो होम थिएटरचा खोका खांद्यावर घेऊन घरी आला. हौस म्हणून नव्हे. त्याची एकुलती एक मुलगी तापाने गेली आणि तेव्हापासून बायकोने अन्न जवळजवळ टाकलंच होतं. डॉक्टरांनीही हात टेकले होते. पोरीचा आवाज एका व्हिडिओत तेवढा उरला होता. लपंडाव चाललेला, पोर आईच्या खुर्चीमागे दडलेली आणि म्हणतेय, "आई, मला शोध ना!"

"टीव्हीतून समोरून येतो हो तो आवाज," बायको म्हणायची. "ती माझ्या मागे होती. एकदा मागून ऐकवा, मग जेवेन मी."

बुडत्याला काडीचा आधार. साडूने पुढे तीन आणि मागे दोन स्पीकर लावले, वायरी रिसीव्हरला, म्हणजे मधल्या यंत्राला जोडल्या. पुढचं जुळवाजुळवीचं काम यंत्रच करतं. खुर्चीत कानाच्या उंचीवर माईक ठेवायचा आणि सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं. मग एकेक स्पीकर खरखरतो आणि तो खुर्चीपासून किती लांब आहे ते यंत्र मोजतं.

रात्री साडेअकराला बटण दाबून दोघं बाहेर थांबली. पडद्यावर आलं, 'खोलीत आवाज आहे.' त्याने पंखा बंद केला. पुन्हा तेच. फ्रिज बंद केला, घड्याळाचा सेल काढला. पुन्हा तेच.

"माझ्या पोटातले कावळे ऐकू जात असतील त्याला," साडू म्हणाला. बायको हसली नाही.

शेवटी एकदाची मोजणी झाली. पुढचे तीन. मागचे दोन. आणि... एक सहावा. मागचा, मधला. अंतर एक फूट.

तिथे स्पीकर नव्हता. वायरही नव्हती. 'नवं यंत्र आहे, चळलं असेल,' असं मनाला समजावत त्याने सहाव्यापुढे 'नाही' भरलं. बायकोला खुर्चीत बसवलं. व्हिडिओ लावायला रिमोट उचलला.

बटण दाबलं नव्हतं अजून.

"आई, मला शोध ना!"

खुर्चीमागून. अगदी जवळून...

बायको वळली. किती महिन्यांनी तिचा चेहरा फुलला. "सापडलीस!"

पोरांनो, लपंडाव तुम्हीही खेळलाय. जो सापडतो, त्याच्यावर राज्य येतं. मग त्याने आकडे मोजायचे, आणि दुसऱ्यांनी लपायचं.

"एक... दोन..."

साडूने प्लग उपटला. रिसीव्हरचा दिवा विझला. त्याने बायकोचा हात धरला.

"तीन... चार..."

"अहो, हात सोडा ना," बायको कुजबुजली. "मला लपायचंय."

"नको गं... माझ्याकडे बघ... मी एकटा काय करू?"

"नऊ..."

त्याने हात आणखी घट्ट धरला.

"दहा."

मग... काही नाही. हात त्याच्या हातातच होता. गार.

डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. असेलही. साडू आता रोज त्याच खुर्चीत बसतो. मागे वळून वळून म्हणतो, "सापडलात... दोघी सापडलात... आता मला घ्या ना खेळायला."

परवा मी गेलो होतो. वायरी माझ्या हाताने मोजल्या. पाच.

मग यंत्राला पुन्हा मोजायला लावलं. पडद्यावर स्पीकर सात होते. शेवटचे दोन खुर्चीमागे, अगदी एकमेकांना लागून.