चष्मा डोळ्यावर असताना

धाडच्या आठवडी बाजारात, भंगारवाल्याच्या गोणपाटावर, एकाच पितळी स्टोवर दोन हात पडले. त्यातला एक माझा होता.

"सोडा," मी म्हटलं.

"मी पह्यले पाह्यला," तो म्हणाला.

"पाहून काय होते? हात कोणाचा पह्यले पडला?"

"तुमचा वर आहे... म्हणजे खालचा माझाच पह्यले पडला न?"

खरंच की! माझा तळवा त्याच्या बोटांवर होता, आणि मी भांडण्याच्या नादात तो तसाच दाबून धरला होता. मी हात झटकन मागे घेतला. स्टो गेला त्याच्याकडे. वरून भुरभुर पाऊस, आणि हा गडी ओल्या बाहीने स्टो पुसत गालातल्या गालात हसतोय. माझा तिळपापड झाला.

"घरी गॅस नाही का तुमच्या?"

"याची टाकी पाठीवर बांधायची आहे." तो जरा लाजला. "मोबाइलवर एक गोष्ट येते... लोणारच्या सरोवरातून वाफेचं विमान उडते. त्यातल्या कप्तानाच्या पाठीवर अशीच टाकी आहे. जाऊ द्या, तुम्हाले नाही समजणार."

मला नाही समजणार! ती गोष्ट मीच लिहीत होते.

"कशी आहे गोष्ट?" मी शक्य तितक्या भोळेपणाने विचारलं.

"एक नंबर. पण लेखिका लई चिंगूस आहे. कप्तानाचं त्या यंत्रविदुषीवर मन आहे, तिचं त्याच्यावर आहे... अन् भागामागून भाग नुस्ती नजरानजर! सांगून काऊन नाही टाकत एकदाचं?"

"चिंगूस लेखिका तुमच्यासमोर उभी आहे," मी म्हटलं.

त्याने स्टो माझ्या हातात ठेवला. मी तो परत त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "रविवारी लोणारले या. टाकी बांधून."

असा विहंग आमच्यात आला.

आमच्यात म्हणजे वाफमंडळीत. जग विजेऐवजी वाफेवरच चालत राहिलं असतं तर कसं दिसलं असतं, अशा गोष्टींना स्टीमपंक म्हणतात, आणि त्यांचं वेड असलेली आमच्या जिल्ह्यातली सगळी माणसं एका जीपमध्ये मावतात. जुन्या घड्याळांची चाकं, पितळी नळ्या, कोट, टोप्या असा सगळा जामानिमा करून आम्ही सरोवराच्या काठावर जमतो. सहलीला आलेली माणसं फोटो काढतात. एक आजोबा दरवेळी विचारतात, "नाटक कवा हाय, बाप्पा?"

मंडळींचा नियम एकच. वेल्डिंगचा चष्मा डोळ्यावर असेपर्यंत आपण पात्र. तसंच बोलायचं, तसंच वागायचं. चष्मा कपाळावर चढवला की मग आपण आपले.

विहंग कप्तान झाला. विदुषी मी होतेच.

"विदुषी, आपल्या यंत्राचा धूर मी दुरूनच ओळखला."

"आणि कप्तान, आपलं उशिरा येणं मी न पाहताच ओळखलं."

"उशीर नव्हे... आपण वाट पाहता की नाही, हे आडून पाहत होतो."

असं काही बोलून तो टोपी काढून वाकायचा, आणि मी माझं पुढचं वाक्य विसरायचे. मग चहाच्या टपरीवर चष्मे कपाळावर जायचे, आणि आम्ही दोघं ठार मुके.

"बस भेटली का?" तो विचारायचा.

"हाव," मी म्हणायचे.

संपलं! पुढचा रविवार येईपर्यंत मी स्वतःवरच चरफडत असायचे. याला मी आवडते, की मी लिहिलेली विदुषी? गोष्टीच्या प्रेमात पडून आलेला माणूस. उद्या गोष्ट संपली की हाही संपेल का? हा प्रश्न डोक्यात एकदा शिरला तो शिरलाच. रात्री कूस बदल, दिवसा फोन उलटा ठेव, सुलटा ठेव.

मग त्याला नाशिकच्या कारखान्यात नोकरी लागली. पुढच्या सोमवारी निघायचं होतं. आदल्या दिवशीचा रविवार सामान बांधण्यात जाणार, म्हणून हा रविवार त्याचा मंडळीतला शेवटचा. काठावर वारा सुटला होता, खालच्या झाडीतून मोर ओरडत होते. विहंग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चष्मा डोळ्यावर.

"विदुषी..." त्याचा आवाज अडखळला. "हे विमान तुमच्याशिवाय उडणार नाही. चलाल का... माझ्यासोबत?"

मी त्याच्या हाताकडे पाहत राहिले. आता चष्मा वर करेल... आता करेल... नाही केला. सगळी मंडळी कान टवकारून उभी. नियम म्हणजे नियम! मी मान ताठ केली आणि म्हटलं, "क्षमा असावी कप्तान. माझी यंत्रं सोडून मला येता येणार नाही. आपण निघावं."

टाळ्या पडल्या. माझी मैत्रीण पूनम हिने तर शिट्टी मारली. विहंग मात्र चहालाही थांबला नाही.

त्यानंतर घरात माझं बूड टेकेना. पोहे करपले. गोष्टीचा शेवटचा भाग लिहायला बसले, तर कप्तान बोलेना. मी त्याच्या तोंडी दोन-चार भारदस्त वाक्यं घातली आणि खोडली. पुन्हा लिहायला गेले, तर कप्तान विदुषीला म्हणाला, "बस भेटली का?"

मी लॅपटॉप बंद केला. मला कप्तान नको होता. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून खाली बघणारा तो मुका विहंग हवा होता. मी त्याच्यावर प्रेम करत होते, आणि त्याला सगळ्यांसमोर 'निघा' म्हणून बसले होते.

पूनमला फोन लावला.

"अवं, तो खरं बोलला असन तं?" ती म्हणाली.

"मग चष्मा काऊन नाही काढला त्यानं?"

"तू तरी काढला का?"

शनिवारी सकाळी मी विहंगच्या गावची, सुलतानपूरची बस धरली. ना कोट, ना टोपी. साधा पंजाबी ड्रेस. ओट्यावर त्याची आई, रुक्मिणीबाई, चिवड्याचे डबे भरत होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तू ते वाफेवाली का? लई दिवसाचं पाहाचं होतं तुले. मांग विहिरीवर हाय तो. जाय."

विहंग मोटरीपाशी बसला होता. मला पाहून उठला. हात ग्रीसने काळे.

"तुम्ही? बस..."

"भेटली!" मी ओरडलेच. "रविवारी मी कप्तानाले उत्तर देलं. पण विचारणारा कोण होता?"

त्याने हातातला पाना मोटरीवर ठेवला.

"मीच होतो," तो म्हणाला. "चष्मा काढला असता तं तोंडच उघडलं नसतं माझं. अन् मले वाटलं... तुमचं मन त्या कप्तानावर आहे. असा माणूस लिहिता तुम्ही! त्याच्यापुढं मी काय?"

"त्याले मीच लिहिलं. कंटाळा आला तं उद्या खोडून टाकीन. तुम्हाले खोडता येत नाही, हाच तं वांधा आहे."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सोमवारी जाणं तं आहे मले," तो हळूच म्हणाला.

"जा न. मी कुठं अडवून राह्यली? पण विचारून जा."

"काय?"

"जे विचारायचं आहे ते. सगळं मीच लिहून देऊ का?"

त्याने हात पँटला पुसले. ते आणखी काळे झाले. तसेच पुढे केले.

"शरयू... माझ्याशी लग्न करशील?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. मी त्याचे ते काळे हात घट्ट धरले.

"हाव."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून लगेच रुक्मिणीबाईंचा आवाज आला, "हाव म्हनली न? मंग या आता घरात, चहा आटून राह्यला!"