वाटी राहिलेला चाटू

संग्रामपूरच्या बाजारात बाबा, म्हणजे रामराव सुतार, वरण वाढायचे लाकडी चाटू मांडून बसले होते आणि मी त्यांच्या मागे पोत्यावर. एका उंच, शिष्ट दिसणाऱ्या पोराने एक चाटू उचलला, उन्हात फिरवला आणि सरळ म्हणाला, “मामा, हा तुमच्या हातचा नाही.”

त्याचं खरं होतं. तो माझ्या हातचा होता.

जंगलाच्या नाकेदाराचा परवाना काढून बाबा सातपुड्यातून तिवसाचं लाकूड आणायचे. पण हिवतापानंतर त्यांचा हात कापायला लागला आणि सगळे चाटू मी कोरायला लागले… दार लावून. आमच्या सुतारांत बाईने कोरणीला हात लावायचा नाही. लावला असं कळलं, की त्या घरी सोयरीक येत नाही.

“काऊन, काय खोट हाय त्यात?” बाबांनी आवाज चढवला.

“खोट नाही, मामा. पण चाटूच्या वाटीतल्या रेघा उलट्या गेल्या. कोरणी डाव्या हातात होती.”

तेवढी एक वाटी काचेने घासून गुळगुळीत करायची घाईत राहिली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नेमकी डाव्या हाताने पदर सावरत होते. हात झटकन मागे घेतला, तर मेला हसला. चाटू घेऊन गेलासुद्धा.

पुढच्या बाजाराला बाबा पाणी प्यायला उठले आणि हा हजर.

“मागच्या चाटूचं काय झालं?” मी फणकाऱ्याने विचारलं.

“ठेवला. कोणाले हात लावू देत नाही.”

“मंग काय, तोंड पाहाता त्याचं?”

“सध्या त्याचंच पाहातो…”

माझे कान तापले. “कोणाले सांगतलं तर नाही?”

“काय सांगू? मले तुमचं नावच ठाऊक नाही.”

“तानू,” तोंडातून निघूनच गेलं. त्याचं नाव मोतीराम, तोही सुतार. मला तो आवडला होता. फार आवडला होता.

आणि एक दिवस तो आईला, अंबूबाईंना, घेऊन मला पाहायलाच आला. मी चहा ठेवला, उजव्या हाताने.

“काय काय येते पोरीले?” अंबूबाईंनी विचारलं.

मी भाकरीपासून सुरुवात करणार, तोच मोतीरामने पिशवीतून एक अर्धवट चाटू काढला. दांडा झालेला, वाटी कोरायची राहिलेली. तो आणि कोरणी त्याने माझ्यासमोर ठेवली.

बाबांचा चेहरा पांढराफटक. ज्याच्यावर भरवसा ठेवला, त्यानेच भर बैठकीत…

“मले दार लावून कोरणारी नको,” मोतीराम म्हणाला. “अंगणात बसून कोरणारी पायजे. तुम्ही… बसान काय?”

अंबूबाई पुढे सरकल्या. त्यांनी कोरणी उचलली. आता उठतील आणि चालत्या होतील, असंच मला वाटलं.

त्यांनी ती माझ्या डाव्या हाताशी ठेवली.

“याने समदं सांगतलं मले,” त्या म्हणाल्या. “घे. पण वाटी खोल ठेव, पोरी. आमच्या घरी वरण पातळ असते.”

मी मोतीरामकडे पाहिलं आणि डावा हात पुढे केला.