दोन वाजताची सही

आई पडली तेव्हा मी बिस्किटांच्या रॅकपाशी होते. धप्प आवाज आला, आणि मी पोचेपर्यंत दुकानाचा सुपरवायझर स्वतःच्या जाकिटाची घडी तिच्या डोक्याखाली सरकवत होता. फ्रीजरमधलं पाणी फरशीभर पसरलेलं. मला रडू यायच्या आधी राग आला. फरशी पुसायला मुहूर्त काढायचा होता का, म्हणून मी त्याला फाडकन विचारलं. तो रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच पाण्यात गुडघे टेकून बसून राहिला.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पहिलं ऑपरेशन फसलं. दुसरं करायचं तर दुकानाकडून भरपाई मिळायला हवी, नाहीतर ती कायमची अंथरुणाला खिळणार होती. आणि हा रोज संध्याकाळी वॉर्डाच्या दारात हजर. मी त्याला फरशीवाले साहेब म्हणायचे. फरशीवाले नाही, सुपरवायझर, असं तो अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा आणि आईची उशी नीट करायचा. मला चहा आणून द्यायचा, तेव्हा त्याची बोटं कपावर जरा जास्तच रेंगाळायची... मीही कप घ्यायची घाई करत नसे. राग कधी विरघळला, मलाच कळलं नाही.

मग भरपाईच्या दाव्यासाठी नेमलेल्या वकीलबाईंनी दुकानाने दिलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. दर तासाला फरशी बघून त्यावर सही करायची, असा तो तक्ता. दोन वाजता सही होती – फरशी कोरडी. आई पडली दोन वाजून दहा मिनिटांनी. दहा मिनिटांत सांडलेल्या पाण्याला निष्काळजीपणा म्हणत नाहीत, बाई म्हणाल्या. पाणी बराच वेळ होतं आणि दुकानाला ते ठाऊक होतं, हे सिद्ध करावं लागेल. मी तक्ता पुन्हा पाहिला. सकाळपासून रात्रीपर्यंतच्या सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाखाली एक. सगळ्या त्याच्या.

संध्याकाळी मी त्याला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं.

"या सह्या कधी केल्यास?"

"सकाळी. सगळ्या एकदम." तो कठड्याला टेकला. "सगळेच तसं करतात गं... पण फ्रीजर अकरापासून गळत होता. मी पाहिलं होतं. पुसायला माणूस पाठवणार, तेवढ्यात मालाचा ट्रक आला. विसरलो."

तीन तास. मला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. म्हणजे इतके दिवस तू पाप धुवायला येत होतास, मी म्हटलं.

"पहिले चार दिवस," तो म्हणाला. "नंतर – नंतरचं तुला माहीत आहे."

माहीत होतं. म्हणूनच साक्ष देशील का, हे विचारायचं मी टाळत होते. तोच बोलला.

"साक्षीत सगळं सांगणार आहे मी. नोकरी जाईल, जाऊ दे. पण त्यांचा वकील विचारेल, पडलेल्या बाईंच्या मुलीशी तुझं काय आहे म्हणून. आहे म्हटलं, तर पोरीच्या नादाने बोलतोय म्हणतील, आणि आईंचं ऑपरेशन राहील. खोटं मला आता बोलायचं नाही. म्हणून... आजपासून मी येत नाही. काही उरलंच नाही, तर नाही म्हणता येईल."

असं ठरवून संपतं का, मी विचारलं. तो जिना उतरला आणि बाहेरच्या पावसात भिजत निघून गेला.

पुढचे दोन महिने आई रोज विचारायची, साहेब का येत नाहीत गं? कामात असतील, मी म्हणायचे.

साक्षीच्या दिवशी तो फार वाळलेला दिसला. सकाळच्या सह्या, अकरापासूनचं पाणी, ट्रक – काही लपवलं नाही. मग तो प्रश्न आलाच.

"दवाखान्यात जायचो," तो म्हणाला. "आता काही नाही."

माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. ऑपरेशन झालं, आई आता काठी घेऊन चालते. त्याची नोकरी गेली आणि तो दुसऱ्या गावी गेला. कुठे, ते दुकानात कुणाला सांगता आलं नाही. चांगलं झालं, असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही आहे.

मला मात्र साक्षीला कुणी बोलावलंच नाही. बोलावलं असतं, तर मी शपथेवर सांगितलं असतं... होतं म्हणून, आणि अजूनही आहे म्हणून.