टेपचं दुसरं टोक

त्या दिवशी आभाळ सकाळपासून मळकट होतं. पाऊस पडायचा नाय अन् ऊनही निघायचं नाय. हर्सूलच्या तळ्यावरून वारं यायचं ते अंगाला चिकटायचं. मार्गशीर्षातला शनिवार, अमावस्या दोन दिवसांवर. अशा दिवशी दिवस कधी मावळला ते माणसाला कळत नाय.

सरका जवळ. अन् हसायचं नाय. ज्याच्यावर बेतली तो कारभारी, नावच त्याचं कारभारी, माझ्या पंगतीला जेवलेला माणूस. त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तेही एकदाच.

निजामावर पोलीस ॲक्शन झाल्यावर त्याचा बाप कन्नडकडनं उठून हर्सूलला आला अन् घरापुरती जागा घेतली. बाप लवकर गेला. थोरल्या भावानं, सांडूनं, मोंढ्यात पोती वाहून कारभारीला शिकवलं, नोकरीला लावलं. पोती वाहून सांडूचा डावा खांदा जो खाली आला तो आलाच. पुढं दोघा भावांनी जागा वाटली ती तोंडीच. कासरा ताणला, चुन्याची रेघ मारली, झालं. भावाभावात कागद करणं तेव्हा शिवी दिल्यासारखं वाटायचं.

सांडू वारला. मागं त्याची बायको मनकर्णाबाई. पोटी मूलबाळ नाय. दोन खोल्या अन् दारापुढं त्या रेघेपर्यंत अंगणाची पट्टी, एवढाच तिचा संसार. त्या पट्टीत ती धुणं वाळत घालायची, ऊन खात बसायची. तेवढीच तिची मोकळी जागा.

मग रस्ता रुंद झाला. जागेला भाव आला. कारभारीच्या पोरानं चारचाकी घेतली, अन् गाडी आत घ्यायची तर ती पट्टीच पाहिजे. मागितली असती तर वहिनीनं दिलीही असती. पण मागायला तोंड लागतं. कारभारीनं मोजणीदार लावला.

सरकारी मोजणी लावली की शेजारच्याला नोटीस जाते. म्हणून यानं शहरातला खाजगी माणूस धरला, नानासाहेब नावाचा. दिवसही असा बघितला की वहिनी पाचोडला भाच्याच्या लग्नाला गेलेली.

नानासाहेब दुपारी यायचा तो दिवेलागणीला आला. त्याचा गडी तापानं पडलेला, म्हणून एकटाच. आल्याबरोबर त्यानं विचारलं, लगतदार कुठंय? लगतदार म्हणजे शेजारचा जागेवाला. मोजताना तो हद्दीवर उभा पाहिजे, ही रीतच आहे.

कारभारी म्हणाला, "घरचीच हाय वो ती. गावाला गेली. तिच्या बाजूनं घरचं कुणी उभं राहील की."

बोलायचं म्हणून बोलला. वेळ कसली, हे काय ध्यानात येतं का माणसाच्या?

रस्त्याकडची बाजू मोजून झाली. मग वहिनीकडची राहिली. नानासाहेब टेपची डबी घेऊन कारभारीच्या भिंतीपाशी उभा राहिला. कारभारीनं टोक ओढत नेलं, वहिनीच्या उंबऱ्याला लावलं, त्यावर दगड ठेवला. अंधारून आलं होतं. आकडा दिसायचा नाय म्हणून तो बॅटरी आणायला घरात गेला. बॅटरी सापडेना. बायकोला हाक मारली, फडताळं उचकली. थोडा वेळ गेला.

बाहेर आला तर नानासाहेब डबी आवळून धरून उभा होता. म्हणाला, मोजलं काडी ओढून. पण तुमचा माणूस आडमुठा दिसतो. उंबऱ्यापर्यंत मागं सरका म्हणलं, तर सरकत नाय. अंगणाच्या कडेलाच पाय रोवून उभाय.

"कोण माणूस?"

"तो काय, टेप धरून."

कारभारीनं बघितलं. अंगणात अंधार. टेप जमिनीवर नव्हता. कमरेएवढ्या उंचीवर होता. ताठ. कासऱ्याला बैल ओढ देतो तसा.

त्यानं बॅटरी वर केली. उजेड टेपवरून सरकत गेला... सरकत गेला... अन् जिथं टेप संपत होता तिथं...

कुणी नव्हतं.

टेप मात्र ताठच.

वारं पडलं होतं. कुत्रं भुंकंना. नानासाहेब कागदात डोकं घालून सहज बोलत होता. डोक्याला रुमाल... एक खांदा उतरलेला... चेहरा सगळा तुमचा.

"थोरले का तुमचे?"

कारभारीनं बॅटरी खाली केली. म्हणाला,

"व्हय. थोरले."

तेवढं म्हणायचा अवकाश... टेप सैल झाला. खाली पडला.

आता तुम्ही म्हणाल, माणूस तिथंच पाया पडला असंल. मलाही तसंच वाटलं होतं. कारभारी घाम पुसून नानासाहेबाला म्हणाला, खुंटी उंबऱ्याजवळ ठोका. नानासाहेबानं ठोकली.

आठ दिवसांत भिंत उठली. पट्टीवर सिमेंटचा कोबा झाला. वहिनी पाचोडहून आली तर दार उघडलं की हाताएवढ्यावर भिंत. ती भांडली नाय. भिंतीला हात लावून बघितला, ओली होती, हात पदराला पुसला अन् आत गेली. ज्या बाईनं कारभारीला न्हाऊमाखू घातलं, तिला त्या दिवसापासून तो शेजारीण म्हणायला लागला.

मग पौषाची थंडी पडली. सकाळी दंवानं सगळा कोबा भिजून काळा पडायचा. जुन्या चुन्याच्या रेघेवर दोन पावलांएवढी जागा तेवढी पांढरी. कोरडी ठाक. टाचा भिंतीकडं, बोटं कारभारीच्या दाराकडं. डावं पाऊल जरा जास्त उमटलेलं. त्यानं बादल्या ओतून कोबा धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी स्वतः जाऊन हात लावून आलोय. कोरडं होतं. पोरगा तिथं गाडी लावंना, ती आजही रस्त्यावरच उभी असती.

एके दिवशी पहाटं कारभारी तिथं खराट्यानं घासत बसला होता. भिंतीपलीकडं मनकर्णाबाई चूल पेटवत होती. खराट्याचा आवाज ऐकून उठली अन् भिंतीवरून बघून हळूच म्हणाली,

"भावजी, जागा राहू द्या तुम्हाला. पण रातच्याला त्यांना घरात बोलवत जा. रोज तिथंच उभे राहतेत, अन् थंडी लई पडायली."