चौथ्या दुकानातलं चॉकलेट

तळ्याकाठच्या बाजारात पियुष बोबडे कोसळला, तेव्हा चॉकलेटचा तुकडा अजून त्याच्या तोंडातच होता. दवाखान्यात नेईस्तोवर सगळं संपलं होतं.

फौजदार ज्योत्स्ना तायडे पोचली तेव्हा गर्दीनं गुन्हेगार ठरवूनही टाकला होता. गर्दीला पंचनाम्याची गरज कधी पडलीय? चौथ्या दुकानाची मालकीण प्राजक्ता शटरच्या आत अंग चोरून बसली होती आणि बाहेरून लोक शटरवर लाथा घालत होते.

चिखलदऱ्यात हिवाळ्याचे पर्यटक वाढावेत म्हणून दुकानदारांनी काढलेली ही टूम होती. तळ्याला वळसा घालत चालायचं आणि दुकानादुकानात वाईनचा एकेक छोटा पेला, चॉकलेटचा एकेक तुकडा चाखायचा. ज्योत्स्ना मूळची अकोल्याची. हौसेनं कुडकुडायला इतक्या लांबून लोक येतात, याचंच तिला नवल वाटायचं. आता तर एकजण मरूनही गेला होता.

तिनं आधी गर्दी पांगवली, मग शटर वर करायला लावलं.

"त्याच्याशी भांडण झालं होतं तुझं?"

"भांडण नाही मॅडम. चॉकलेट तोंडात घालून तो सगळ्यांसमोर म्हणाला, एवढं कडू, हे काय जनावरांचं औषध आहे? मीही बोलले, जमत नसेल तर थुंका."

"तो शुद्धीवर होता?"

"घामानं निथळत होता. मला वाटलं, चढली असेल."

"घामानं? या थंडीत?"

प्राजक्तानं मान हलवली. पुण्याची नोकरी सोडून तिनं हे दुकान टाकलं होतं, आणि आता तिच्या हातचा तुकडा कुणी कुत्र्यालाही घालणार नव्हतं.

मेलेल्याचे वडील रामराव अकोल्याहून जीप भरून माणसं घेऊन आले. "उद्या संध्याकाळपरेंत त्या बाईले आत टाका, नाई तं दुकान राहनार नाई!" ते ओरडले. ते नुसतं बोलणारे नव्हते, हे त्यांच्या माणसांच्या हातातल्या काठ्यांवरून दिसत होतं.

या वाईन-चॉकलेटच्या सैरीचा आयोजक भगवंत हात जोडूनच समोर आला.

"वाईनमध्ये खोट नाही मॅडम. तीसेक लोकांनी त्याच बाटल्यांतली घेतली. त्याच्या बायकोनंसुद्धा."

"चॉकलेट?"

"तेही सगळ्यांनी खाल्लं."

"त्याचं स्वेटर आणि मफलर तिसऱ्या दुकानाच्या बाकावर सापडलं. कधी काढलं त्यानं?"

भगवंत आठवू लागला. "तिथंच. तोंड लालबुंद झालं होतं. गरम होऊन राहिलं म्हणे, छाती धडधडून राहिली म्हणे. मी म्हटलं, सवय नसेल."

ज्योत्स्ना थबकली. चौथ्या दुकानातलं चॉकलेट खाण्याआधीच माणूस बिघडला होता. म्हणजे प्राजक्ता सुटली. पण हे रामरावांच्या काठ्यांना कोण समजावणार?

सकाळी ती हवालदार बुधाजीला घेऊन लॉजवर गेली. पियुषची बायको आरती खाटेवर बसून होती. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते.

"मॅडम, ज्यानं केलं त्याले सोडू नका. लिवून घ्या हे. माहं घर आत्ता कुठं बसलं होतं."

"म्हणजे?"

"हे लय पेत होते. घरातली भांडीसुदिक राहिली नव्हती. उन्हाळ्यात मूर्तिजापूरले लग्नात चोरून प्याले, आन् तोंड लाल, छाती धडधड, उलट्यावर उलट्या. डाक्टर म्हने पित्त हाय. तवापासून असे भ्याले, का थेंबाले शिवले नाईत. म्हनून तं फिराले आलो. लग्नानंतर पयल्यांदाच."

"मग काल वाईन कशी घेतली?"

"वाईन म्हंजे दारू थोडीच असते? द्राक्षाचाच तं रस. ते आयोजक भाऊ माईकवर तेच सांगून राहिले होते, बायकांनीबी घ्या म्हनून. म्या घेतली. हे नको म्हनत होते, मले भेव वाटते म्हने. म्या म्हटलं, घ्या हो, एवढं काय!" बोलता बोलता ती क्षणभर हसली आणि पुन्हा हुंदके देऊ लागली.

"काही औषध चालू होतं त्यांना?"

"एकबी नाई."

गारठलेल्या बुधाजीनं टेबलावरचा थर्मास उचलला आणि कप शोधू लागला.

"तो नका घेऊ!" आरती ताडकन उठली. "तो ह्यायचा चहा हाय. कालचा हाय. म्या दुसरा करून देतो." तिनं थर्मास त्याच्या हातून घेतला आणि सगळा चहा मोरीत ओतून टाकला.

"त्यांचा चहा वेगळा असायचा?"

"सुरुवातीपासूनच. माह्याच हातचा लागत होता त्यायले."

ज्योत्स्ना बाहेर आली आणि तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"विषासारखं काही सापडलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण दारूनं हृदय आधीच खिळखिळं झालेलं होतं. बाकीचे अहवाल यायला वेळ लागेल."

ज्योत्स्नानं त्यांना एकच प्रश्न विचारला. "हो," डॉक्टर म्हणाले, "तसं असेल तर सगळं जुळतं."

तिला तो फोन केल्याचा पश्चात्ताप झाला. चोर, लुटारू, बायका झोडणारे तिनं हसत हसत पकडले होते. आज मात्र तिला आत पाऊल टाकवेना.

आत जाऊन तिनं आरतीची पिशवी उघडायला सांगितली. त्यात साखरेचा डबा होता. साखरेच्या तळाशी गोळ्यांची पट्टी होती, अर्धी संपलेली.

"ह्या कोणी दिल्या?"

आरतीचा चेहरा उतरला. "अकोल्याच्या बसस्टँडवर एकजन इकते. दारू सोडवाच्या गोळ्या. चहात कुटून द्या म्हने, त्यायले सांगू नका, सांगतलं का गुन येत नाई. कोनालेच तरास होत नाई म्हने, फक्त दारू प्याले तं उलटी होईन." ती घाईघाईनं बोलत होती. "पन गुन आला मॅडम! खरंच सुटली त्यायची. याचा कालच्याशी काय संबंध?"

"ह्या गोळीनं दारू सुटत नाही आरती. दारू अंगात विषासारखी चढते. लग्नातली ती धडधड पित्तामुळं नव्हती. काल तसंच झालं. पहिल्या दुकानात पेला, दुसऱ्यात पेला. तिसऱ्यात त्यांचं अंग पेटलं, म्हणून थंडीत त्यांनी स्वेटर काढलं. चौथ्यात हृदय थांबलं. चॉकलेट फक्त शेवटी तोंडात होतं. सगळ्यांनी तेच खाल्लं, तीच वाईन घेतली. वेगळा होता तो फक्त तुझ्या थर्मासातला चहा."

"पन त्यायनं दारू घेतलीच नाई! वाईन होती."

ज्योत्स्ना तिच्या शेजारी खाटेवर बसली. "वाईनही दारूच असते गं."

आरतीनं तिच्याकडे पाहिलं, मग बुधाजीकडे. दोघांपैकी एकजण तरी नाही म्हणेल, असं तिला वाटत असावं. बुधाजीनं मान खाली घातली.

"हे नको म्हनत होते," ती पुटपुटली. "म्याच पेला हातात देला."

ज्योत्स्नाला रडू फुटलं. गोळ्या विकणारा आजही दुसऱ्या कुठल्या स्टँडवर उभा असेल. भगवंत म्हणेल, मी तर नुसती जाहिरात केली. खटला उभा राहील तो एकट्या हिच्यावर, जिनं आपला नवरा वाचवायला चहा केला होता.

खाली जीप येऊन थांबली. प्राजक्ताचं नाव घेऊन रामराव शिव्या देत होते.

आरतीनं पदरानं तोंड पुसलं.

"मॅडम, मंगाशी म्या म्हटलं होतं, ज्यानं केलं त्याले सोडू नका. लिवलं ना तुमी?"

"लिहिलं."

"मंग आता तिथं माहं नाव टाका. अन् मामंजीले तुमीच सांगा. माह्याच्यानं नाई होनार."

ज्योत्स्ना उठली आणि जिना उतरू लागली.