गदेच्या जागी सुपारी

शनिवारी सकाळी ज्ञानदा पासलकर भूगावात आमदार हैबतरावांच्या बंगल्यावर पोचली, तेव्हा घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. तळमजल्यावरच्या संपर्क कार्यालयातून आमदारांची चांदीची गदा नाहीशी झाली होती आणि जो तो दुसऱ्याकडे संशयानं पाहत होता.

ज्ञानदा खासगी तपासाची कामं घ्यायची. सोबत मावसभाऊ निषाद होता. माणमधली आयटीतली नोकरी सोडून तो तिचा मदतनीस झाला होता, आणि आपण तिच्याइतकेच हुशार आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

बोलावणं आमदारांच्या मुलीचं होतं. आरोही पुण्यात वकिली करायची.

“आज चार वाजता मुठा गावात मेळावा आहे,” ती म्हणाली. “पक्षानं या वेळी आबांऐवजी मला तिकीट दिलंय. आबा सगळ्यांसमोर गदा माझ्या हातात देणार होते. ती नसेल तर जुनी माणसं म्हणतील, हैबतरावांच्या मनातच नव्हतं. मग माझ्यामागं कोण येणार?”

“एवढं काय आहे त्या गदेत?” निषादनं विचारलं.

आरोहीनं भिंतीवरचे फोटो दाखवले. पहिल्यात बाविशीतला पैलवान होता, जत्रेतली शेवटची कुस्ती मारून गदा खांद्यावर घेतलेला. त्या कुस्तीच्या नावावर तो सरपंच झाला, मग पंचायत समितीवर गेला. विधानसभेला पहिल्यांदा पडला, नंतर लागोपाठ तीनदा निवडून आला. फोटोगणिक माणूस सुटत गेला होता, गदा तेवढी तशीच होती.

एका फोटोत उघडी जीप होती. हैबतराव पुढे हात जोडून उभे, आणि मागच्या गर्दीत त्यांचा धाकटा भाऊ कैलास कसाबसा कोंबलेला.

“उमेदवार पुढं, बाकीचे मागं,” आरोही म्हणाली. “काका आयुष्यभर मागंच बसले.”

कोपऱ्यात मारुतीची तसबीर होती. तिला रुईच्या पानांची ताजी माळ घातलेली होती. खाली गदेचा चौरंग रिकामा. रिकामा म्हणजे अगदी रिकामा नाही, मधोमध चिमूटभर तांदळावर एक सुपारी होती.

निषादनं ती उचलली. ती त्याच्या बोटाला चिकटली. एका बाजूला कुंकू घट्ट बसलं होतं.

“गुळाचा हात लागलाय कुणाचा तरी,” तो म्हणाला.

ज्ञानदानं सुपारी हुंगली आणि परत ठेवली. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या आरोही, आबा, काका आणि तालुकाध्यक्ष शेखर अशा चौघांकडे होत्या. काल संध्याकाळी आरोहीनं स्वतः कुलूप लावलं होतं, तेव्हा गदा जागेवर होती. आज दहा वाजता तिनंच दार उघडलं.

शेखर बुटांसकट थेट चौरंगापर्यंत चालत आला.

“मी जळतो, लपवत नाही,” तो म्हणाला. “वीस वर्षं सतरंज्या मी घातल्या, घोषणा मी दिल्या, आणि तिकीट कुणाला? जिला अर्ध्या गावांची नावं येत नाहीत तिला. पण मॅडम, गदा मी उचलली असती ना, तर आतापर्यंत धरणाच्या तळाशी गेली असती. मला काय तिची पूजा करायचीय?”

“हाच!” शेखर बाहेर पडताच निषाद कुजबुजला.

कैलासकाका बंगल्यामागे पायरीवर बसले होते. समोर ताडपत्रीखाली फोटोतली ती जुनी जीप उभी होती, आणि तिला खेटून रुईचं झुडूप. पानं नुकतीच खुडलेली होती. देठांवर पांढरा चीक गोळा झाला होता.

“दादा मला चोर म्हनला. पोरांदेखत,” काका म्हणाले. “माझ्या पोराला, ओमला तिकीट मिळावं असं लई वाटत व्हतं. न्हाई मिळालं, पोटात दुखलं. पन गदा चोरीन व्हय मी?”

“मारुतीला माळ तुम्ही घातलीत का?”

“मी? रुईचा चीक लागला की माझ्या हाताला टरारून फोड येत्यात.” त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले. रापलेले, पण एकही फोड नव्हता. “शनवारची माळ दादाच करतो. दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाई.”

हैबतराव वरच्या गॅलरीत बसले होते. कुस्तीनं चुरगळलेले कान, पांढरा सदरा. फडक्यावर खोबरेल तेल घेऊन ते बोटांची टोकं एकेक करून पुसत होते.

“सकाळधरनं खाली उतरलोच न्हाई मी. गुडघं धरल्यात,” ते म्हणाले. “चोर घरातलाच हाय. कैलासला इचारा, जन्मभर माझ्यावर जळला त्यो.”

“आणि मेळावा?”

“म्होरं ढकलायचा. अर्ज भरायला अजून टाइम हाय. पक्षबी जरा इचार करंल.” त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. “गदा काय, घावंल. कुटं जाती?”

जेवण कुणालाच गेलं नाही. दुपारी ज्ञानदानं सगळ्यांना कार्यालयात बोलावलं. हैबतराव गुडघे धरत जिना उतरले.

“शेखरनं चोरी केली,” निषादनं सुरुवातच करून टाकली.

“तू जरा बस,” ज्ञानदा म्हणाली. “ही सुपारी बघा. देव डागडुजीला उचलला की आपण जागा मोकळी ठेवत नाही. सुपारी मांडतो, आणि देव परत येईपर्यंत तिलाच हात जोडतो. चोरानं तेच केलं. म्हणजे त्याला गदा पळवायची नव्हती. फक्त आजच्या दिवशी ती इथं असायला नको होती. धरणात टाकणारा माणूस मागं सुपारी कशाला मांडेल?”

शेखरनं सुस्कारा सोडला.

“सुपारी चिकट आहे, पण ती गुळानं नाही. वास उग्र आहे, रुईच्या चिकाचा. चिकानं भरलेल्या हातानं ती मांडली, म्हणून कुंकू असं बसलं. कैलासकाकांनी ते केलं असतं तर आत्ता हातभर फोड आले असते.”

कैलासकाकांनी मान वर केली.

“मारुतीच्या गळ्यात आजची ताजी माळ आहे. ती या घरात एकच माणूस करतो. तो म्हणतो, मी सकाळपासून खाली उतरलो नाही. पण बोटांवरचा चीक नुसत्या पाण्यानं जात नाही, तेल लागतं. आबा, तुम्ही मघाशी तेच पुसत होतात.”

आरोही वडिलांकडे वळली.

“गदा तुम्ही जमिनीवर किंवा अडगळीत ठेवणार नाही,” ज्ञानदा म्हणाली. “रुई खुडायला तुम्ही जीपपाशी गेलाच होतात, माझ्या अंदाजानं ती जीपमध्येच आहे. तुमच्या पुढच्या सीटवर.”

हैबतरावांनी भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं.

“परवा चौकात गाडीतनं उतरलो,” ते म्हणाले. “मानसं हार घेऊन पळत आली. मी मान वाकवली. ती माझ्या बाजूनं हिच्याकडं गेली. मी तसाच वाकलेला. पोटची पोर हाय, पन जळालो मी. वाटलं, एक मेळावा हुकला तर पक्ष पुन्यांदा माझ्याच दारात यील. आन मंग गदा ठिवली असती जाग्यावर.”

“आन मला चोर केलं, दादा,” कैलासकाका म्हणाले.

हैबतरावांना त्यांच्याकडे पाहवेना.

आरोहीनं चौरंगावरची सुपारी उचलली आणि रुमालात बांधली.

“गदा राहू दे तुमच्याकडं, आबा. जागा राखायला सुपारी पुरते, हे तुम्हीच दाखवलंत. मी हीच घेऊन मुठ्याला जाते. विचारतील त्यांना खरं काय ते सांगेन.”

आवरून थोड्या वेळानं ती बाहेर पडली आणि आपल्या गाडीकडे निघाली. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.

ताडपत्री ओढून काढलेली होती. जीपचं इंजिन खोकत होतं आणि स्टिअरिंगवर कैलासकाका होते. भावानं त्यांची माफी मागितली की काय, ते कुणाला कळलं नाही, पण त्यांचे डोळे लाल झाले होते. शेजारची सीट रिकामी होती. मागच्या बाकावर, गुडघे वाकत नसतानाही, हैबतराव चढून बसले होते.

“बस म्होरं,” ते मुलीला म्हणाले. “उशीर व्हतोय.”

आरोही पुढच्या सीटवर चढली.

जीप फाटकाबाहेर पडली तेव्हा ज्ञानदानं पाहिलं, गदा म्हाताऱ्यानं मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

“देतील ना गं ते नक्की?” निषादनं विचारलं.

“देतील,” ज्ञानदा म्हणाली. “पण मुठा येईपर्यंत सोडणार नाहीत.”